सहकाऱ्याची लेखी तक्रार आणि आपले उत्तर : चरकोक्त वादमार्गाच्या आधारे विचार

प्रस्तावना

वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. ते चारही गुणसंपन्न असतील तरच चिकित्सा सिद्धीस जाते, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे प्रतिपादन आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. यांपैकी रोगी येतो आणि जातो. वैद्य, त्याचे सहायक, पंचकर्म परिचारक व औषध देणारा मात्र रोज दहा-दहा तास एकाच छताखाली असतात. त्यांच्यात मतभेद होणे स्वाभाविक आहे. त्यांतील एखाद्याने आपले गाऱ्हाणे कागदावर लिहून, खाली सही करून आपल्या हाती दिले तर काय करावे, याची तयारी मात्र आपल्यापैकी बहुतेकांची नसते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात एकट्या वैद्याच्या दवाखान्याबरोबरच आता सहायक वैद्य, दोन शाखा आणि स्वतंत्र पंचकर्म विभाग असलेली चिकित्सालये उभी राहिली आहेत. औषधालयांतही चार-सहा माणसे कामास असतात. आम्ही आमच्या गुरूंकडे शिकलो तेव्हा जे नाते घरच्यासारखे होते, ते आता नोकरीचेही झाले आहे. हा बदल मान्य केल्याशिवाय पुढील विचार करता येणार नाही.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या डोंबिवलीच्या चिकित्सालयात काम करणाऱ्या एका सहायक वैद्यभगिनीने आम्हांस लेखी तक्रार दिली. तीत तीन मुद्दे होते. सायंकाळची वेळ साडेआठपर्यंत ठरलेली असताना दररोज साडेनऊ वाजतात आणि त्या जादा वेळेचा मोबदला मिळत नाही, हा पहिला. बस्ती व शिरोधारेच्या वेळी मदतीस दुसरे कोणी नसते, हा दुसरा. औषधयोजनेतील चूक रुग्णासमक्ष मोठ्या आवाजात दाखविली जाते, हा तिसरा.

पत्र वाचताच आम्हांस राग आला. जिला हाताला धरून नाडी शिकविली तिने असे पत्र लिहावे, हे मनास लागले. त्याच रात्री आम्ही दोन पाने उत्तर लिहून काढले. सकाळी ते देण्यापूर्वी ठाण्याचे एक ज्येष्ठ वैद्य सहज म्हणून आले होते, त्यांना दाखविले. त्यांनी वाचून एवढेच विचारले, "यात तिच्या तीन मुद्द्यांचे उत्तर कोठे आहे?" आम्ही पुन्हा वाचले. खरोखरच कोठेही नव्हते. त्यांनी विमानस्थानाचा आठवा अध्याय काढून वाचावयास सांगितले. पदवीच्या परीक्षेनंतर तो अध्याय आम्ही त्या दिवशी प्रथमच उघडला.

आमच्या उत्तरातील दोष

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा. पहिली स्नेहाने व परस्परांच्या ज्ञानवृद्धीसाठी करावयाची, दुसरी जिंकण्यासाठी. याच अध्यायात वादाचे ४४ मार्ग वर्णिले असून बोलण्यात कोणते दोष घडतात तेही दिले आहे. आमच्या दोन पानांत त्यांपैकी तीन दोष स्पष्ट दिसले.

१) अर्थांतर. एक सांगावयाचे असता दुसरेच सांगणे. ज्वराची लक्षणे सांगावयाची असता प्रमेहाची सांगणे, हे संहितेतीलच उदाहरण आहे. प्रश्न वेळेचा व मोबदल्याचा होता. आम्ही तिला काय काय शिकविले, तिच्या वडिलांच्या आजारपणात किती रजा दिली, याची यादी लिहिली होती. ती यादी खरी होती, परंतु ते प्रमेहाचे वर्णन झाले.

२) कालातीत. आधी सांगावयास हवे ते मागाहून सांगणे. असे वचन कालातीत झाल्यामुळे ग्राह्य ठरत नाही. ती महिन्यातून दोन-तीनदा सकाळी उशिरा येते, असे आम्ही लिहिले होते. हे खरे असेल तर त्याच वेळी सांगावयास हवे होते. तिची तक्रार हाती पडल्यावर ते आठवणे म्हणजे सूड घेण्यासारखे दिसते, आणि खरे पाहता ते तसेच होते.

३) वाक्छल. शब्दाचा वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेणे. 'नवतंत्र' म्हणजे नुकतेच शास्त्र शिकलेला, असे एकाने म्हटले असता 'नऊ तंत्रे जाणणारा' असा अर्थ धरून उत्तर देणे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिने 'दररोज' असे लिहिले होते. आम्ही उत्तर दिले होते की रविवारी सायंकाळी चिकित्सालय बंद असते, सबब 'दररोज' हे विधान असत्य आहे. आता हे लिहिताना लाज वाटते.

उत्तर देण्याचा क्रम

त्यानंतर आम्ही जे केले, व पुढे इतर दोन-तीन वैद्यबंधूंच्या अडचणीत जे उपयोगी पडले, ते क्रमाने देत आहोत.

प्रथम वेगधारण. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मलमूत्रादी १३ वेग धारण करू नयेत असे सांगितले आहे, तर क्रोध, मान, ईर्ष्या इत्यादी मनाचे वेग धारण करावेत असे सांगितले आहे. तक्रार ऐकून घेणाऱ्याने क्रोधाचा वेग धरावा आणि तक्रार करणाऱ्याचा वेग अडवू नये. दडपलेली तक्रार नाहीशी होत नाही. ती रुग्णांच्या कानावर, मग शेजारच्या औषधालयात आणि शेवटी राजीनाम्यात प्रकट होते. पत्र मिळाल्याची पोच मात्र त्याच दिवशी द्यावी : "आपले दि. अमुकचे पत्र मिळाले. मुद्दे वाचले. येत्या आठ दिवसांत लेखी उत्तर देतो." पोचेत याहून एक वाक्यही अधिक नसावे.

द्वितीय, तक्रारीचा प्रकार ठरविणे. वेळ, वेतन, कामाची वाटणी व वागणूक यांविषयीची तक्रार मालक व सहकारी परस्परांत सोडवू शकतात. लैंगिक छळाची तक्रार तशी नाही. तिच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

तृतीय, प्रमाणांनी परीक्षण. रोगपरीक्षणात आपण आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तिन्हींचा आधार घेतो, केवळ स्मरणावर विसंबत नाही. येथेही तेच करावे. उशीर कधीतरीच होतो, असे आम्ही मनोमन धरून चाललो होतो. दोन महिन्यांचे केसपेपर काढून शेवटच्या रुग्णाची वेळ पाहिली तेव्हा कामाच्या ५० सायंकाळांपैकी ३१ दिवशी नऊ वाजून गेलेले आढळले. तिला बदलापूरला जावयाचे असते, घरी पोहोचेपर्यंत साडेदहा होतात, हे अनुमान करण्यास तर नोंदवहीचीही गरज नव्हती. परिचारक व औषध देणारा यांना स्वतंत्रपणे विचारले. एकाने दुसरा मुद्दा खरा असल्याचे सांगितले. विचारताना तिने काय लिहिले आहे ते सांगितले नाही. फक्त कामाची पद्धत विचारली.

चतुर्थ, समक्ष भेट. ही भेट रुग्ण नसताना, दार उघडे ठेवून व पुरेसा वेळ राखून घ्यावी. सहकाऱ्यास सोबत कोणी हवे असल्यास येऊ द्यावे. संधायसंभाषेस योग्य व्यक्ती कोपिष्ट नसावी, असूया करणारी नसावी, समजुतीने घेणारी व समजूत घालण्यात निपुण असावी, क्लेश सहन करणारी व प्रिय बोलणारी असावी, असे संहितेत म्हटले आहे. आपण हे गुण समोरच्याकडून अपेक्षितो. तक्रार आपल्याविरुद्ध असते तेव्हा ते आधी आपल्या अंगी हवेत.

पंचम, लेखी उत्तर. जितके मुद्दे तितके परिच्छेद, आणि त्याच क्रमाने. प्रत्येक परिच्छेदात तीनच गोष्टी याव्यात : आम्हांस काय आढळले, त्यातील काय मान्य आहे व काय नाही, आणि यापुढे काय करणार व केव्हापासून. आमच्या उत्तरातील पहिला परिच्छेद असा होता : "सायंकाळची वेळ साडेआठपर्यंत ठरली होती. केसपेपर पाहता दोन महिन्यांत ३१ दिवस नऊ वाजून गेले, हे मान्य आहे. येत्या १ तारखेपासून शेवटच्या रुग्णाचे नाव आठ वाजता नोंदविले जाईल. त्यानंतर थांबावे लागल्यास त्या वेळेचा मोबदला महिनाअखेरीस दिला जाईल." मागील थकलेल्या वेळेचा दर किती धरावा यावर आमचे एकमत झाले नाही. तेही तसेच लिहिले आणि दोघांस मान्य अशा एका वडीलधाऱ्या वैद्यांवर सोपविले. तिसऱ्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नव्हते. रुग्णासमक्ष बोललो हे चुकले, यापुढे औषधयोजनेची चर्चा आत होईल, एवढेच लिहिले. तीच ओळ लिहिण्यास सर्वांत अधिक वेळ लागला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगावयास हवी. चरकाने अभ्यनुज्ञा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करणे, हे निग्रहस्थानांत गणले आहे. वादात ते पराभवाचे ठिकाण होय. म्हणूनच आपणां शिकलेल्या माणसांना मान्य करणे इतके जड जाते. परंतु सहकाऱ्याशी होणारा व्यवहार हा सभेतील विगृह्यवाद नव्हे. येथे जिंकून काहीच मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याच सहकाऱ्याच्या हाती आपला रुग्ण सोपवावयाचा असतो. खरे असेल ते प्रथम मान्य केले की उरलेले अमान्य करण्याचा अधिकारही प्राप्त होतो.

षष्ठ, अनुवर्तन. औषध दिल्यावर रुग्णास पुन्हा बोलावितो, तसे एक महिन्याने व तीन महिन्यांनी बसून ठरलेल्या गोष्टी झाल्या की नाही ते पाहावे. तक्रार केली म्हणून कामाच्या वेळा गैरसोयीच्या करणे, बोलणे तोडणे किंवा इतरांत चर्चा करणे हे अपथ्य समजावे. एवढ्याने सारी चिकित्सा व्यर्थ होते.

कायद्याची चौकट

विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानंतर २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. जेथे १० किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून कमी असल्यास, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. आपले बहुतेक दवाखाने व औषधालये या दुसऱ्या वर्गात मोडतात. अशी तक्रार आली तर आपण स्वतः निवाडा करू नये, तडजोडीसाठी दबाव आणू नये आणि नावे बाहेर जाऊ देऊ नयेत. तक्रार सामान्यतः घटनेपासून ३ महिन्यांत करावयाची असते. ती समितीकडे आल्यावर तिची प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत प्रतिपक्षास मिळते. त्याने आपले उत्तर, कागदपत्रे व साक्षीदारांची यादी यांसह १० कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे असते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी अशी तरतूद आहे.

घाईने व अपुऱ्या रीतीने केलेली चौकशी कोणाच्याच हिताची नसते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यातील आहे. गोवा विद्यापीठात २००९ साली एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या व २०१० साली त्यास बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण चौकशी घाईने उरकून बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. प्रकरण पुन्हा चौकशीकडे गेले. १४ वर्षांनंतर तक्रारदारांस न्याय मिळाला नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्यासही निर्णय मिळाला नाही. समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचे निर्देशही त्याच निकालात देण्यात आले.

ज्या वैद्यबंधूंचे अंबरनाथ, बदलापूर किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीचे कारखाने आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, एकूण सदस्य १० हून अधिक नसावेत आणि अर्ज आल्यापासून ३० दिवसांत काम पुरे व्हावे, अशी अपेक्षा आहे.

उपसंहार

त्या वैद्यभगिनीने पुढे आमच्याकडे सव्वा वर्ष काम केले व नंतर कल्याणला स्वतःचा दवाखाना थाटला. मागील वेळेच्या मोबदल्याचा दर ज्येष्ठांनी आमच्या अपेक्षेपेक्षा अधिक ठरविला. तो आम्ही दिला. आजही पंचकर्माचे रुग्ण ती आमच्याकडे पाठविते. ते पहिले दोन पानी उत्तर दिले असते तर यांपैकी काहीही घडले नसते, आणि ती का गेली हे आम्हांस कधी कळलेही नसते.

ज्याला सोडून जावयाचे असते तो लेखी तक्रार करीत बसत नाही, तो सरळ निघून जातो. तक्रार लिहिणाऱ्यास तेथेच राहावयाचे असते आणि आपण सुधारू अशी आशा अजून त्याच्या मनात असते. हे ध्यानी ठेवून उत्तर लिहावे, एवढीच आमच्या वैद्यबंधू-भगिनींस व औषधालयांच्या मालकांस विनंती आहे.