मेणबत्ती विझली, पाणी का चढले?

बशीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग तुम्ही पाहिला असेलच. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. याचे ठरलेले उत्तर असे : हवेत सुमारे एकपंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, म्हणून पाणी तेवढेच चढले. असे लिहिले की गुण मिळतात. पण हे उत्तर खरे आहे का?

चला, मोठ्या माणसाला सोबत घेऊन प्रयोग पुन्हा करू. पेला पालथा घालताना काठाकडे पाहा. पुष्कळदा तेथून बुडबुडे बाहेर पडतात. आता ज्योत आणि पाणी या दोहोंवर लक्ष ठेवा. ज्योत जळत असते तोवर पाणी थोडेच चढते. ती विझू लागली की भराभर चढते. ऑक्सिजन तर ज्योत जळत असताना खर्ची पडत होता. मग पाणी तेव्हाच का चढले नाही?

आता कसोटी घेऊ. त्याच पेल्याखाली आधी १, मग २, मग ३ मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, तेव्हा पाणीही तेवढेच चढायला हवे. प्रत्यक्षात मेणबत्त्या वाढल्या की पाणी अधिक चढते!

याचे मुख्य कारण उष्णता. ज्योतीने हवा तापून प्रसरण पावते व काही हवा निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजनचा वाटा लहान आहे. मेणबत्ती विझते तेव्हा तो सगळा संपलेला नसतो, आणि जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड वायू तयार झालेला असतो.

मग परीक्षेत गुण कशाला द्यावेत? मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. तेथे परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. पुस्तक समोर असले की पाठांतराला मोल उरत नाही; विचारालाच उरते.

शिक्षकांनी वरील प्रयोगासाठी १० गुणांची अशी वाटणी करून पाहावी :

१. जे दिसले त्याची प्रामाणिक नोंद – ३
२. उत्तर पडताळण्यासाठी सुचवलेली कसोटी – ३
३. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष – ३
४. मनात उरलेली शंका – १

बुडबुडे पाहूनही ‘ऑक्सिजन संपला’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा, ‘माझे पाणी एकपंचमांश चढले नाही, असे का?’ असे विचारणाऱ्याला अधिक गुण मिळतील. ते त्याला मिळायलाच हवेत.

स्वाध्याय : मेणबत्तीशिवाय, केवळ कोमट पाण्याने विसळलेला पेला पालथा घालून पाणी चढवता येईल का? आधी अंदाज वहीत लिहा, मगच प्रयोग करा. अंदाज चुकला तर तो खोडू नका.