शिकाऊ डॉक्टरच्या हाती कान देताना

पावणे एमआयडीसीत प्रेसच्या मशीनवर काम करत असताना माझा डावा कान वाहू लागला. पडद्याला भोक पडलं होतं. टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे पडद्याचं भोक बुजवण्याचं ऑपरेशन, शिक्षण रुग्णालयात झाली, एका रेसिडेंट डॉक्टरच्या हातून. त्यातून कळलेल्या गोष्टी:

१. रेसिडेंट म्हणजे विद्यार्थी असला, तरी एमबीबीएस आणि इंटर्नशिप करून आलेला डॉक्टर असतो. एमएसची तीन वर्षं तो कान-नाक-घसाच शिकतो. त्यामुळे "कोण करणार?" एवढं विचारून भागत नाही. "सर स्वतः ओटीत असतील ना?" हेही विचारा. पडद्याचं साधं भोक बुजवताना वरिष्ठ शेजारी असतील, तर रेसिडेंटचे निकालही चांगले लागतात. रिकिबीच्या हाडाचं, म्हणजे तीनेक मिलिमीटरच्या हाडाचं ऑपरेशन मात्र वेगळं. तिथे मुरलेलाच हात हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. कानामागून, कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढतात, ते वाळवून कागदासारखं करतात आणि भोकाखाली सरकवतात. ते तिथे धरणं निम्मं आपल्या हातात असतं. कानात पाणी नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, सर्दी अंगावर काढायची नाही.

३. पडदा जुळणं आणि ऐकू येणं हे दोन वेगळे निकाल आहेत. आमच्या शिफ्टमधल्या एकाचा पडदा छान जुळला, तरी त्याला कमीच ऐकू येई. "पोरानं कान बिघडवला," म्हणून तो संतापला होता. ऑपरेशनच्या आधीचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून पाहिला, तर ४,००० हर्ट्झजवळ आलेख तेव्हाच खाली गेलेला. ही यंत्रांच्या आवाजाची खूण. आतल्या कानाचं ते नुकसान पडदा बुजवून भरून येत नाही. त्या डॉक्टरला उगाच बोल लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

४. म्हणून कामावर परतल्यावर इअरमफ. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची मर्यादा आहे. प्रेसजवळ आवाज त्याहून चढतो.

५. पट्टी निघाली, टाके निघाले की आपले बरेच लोक फिरकत नाहीत. खाडा झाला तर पगार कापला जातो, हे मला ठाऊक आहे. पण ज्यानं ऑपरेशन केलं, त्याला आपला हात कुठे चुकला, कुठे बसला हे तेव्हाच कळतं जेव्हा आपण कान दाखवायला जातो. तीन महिन्यांनी ऑडिओग्राम करा आणि जुना कागद सोबत घेऊन त्याच ओपीडीत जा.