मुलगा न्यू जर्सीत, खटला तिथलाच

प्रश्न : न्यू जर्सीत शिकणाऱ्या मुलावर दुकानातून दीडशे डॉलरचा माल उचलल्याचा आरोप आहे. वकील कसा निवडावा?

उत्तर : अमेरिकेत असे बहुतेक खटले राज्याच्या कायद्याने चालतात आणि दर राज्याचा हिशेब निराळा. न्यू जर्सीत 200 डॉलरखालची दुकानचोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते. तरीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टेक्सासमध्ये 100 आणि 750 डॉलर या वेगळ्याच पायऱ्या. त्यामुळे समजा शिकागोत ओळखीचा वकील असला, तरी न्यू जर्सीत त्याचा फारसा उपयोग नाही. ज्या न्यायालयात तारीख आहे, तिथे नेहमी उभा राहणारा फौजदारी वकीलच हवा.

खरी मेख व्हिसाची. ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला अमेरिकन नागरिकाला कदाचित परवडेल, परदेशी विद्यार्थ्याला महागात पडू शकतो. राज्याने पुढे नोंद पुसली, तरी कबुली आणि शिक्षा मिळून स्थलांतर कायद्यात बहुधा दोषसिद्धीच ठरते. ‘पडिला विरुद्ध केंटकी’ या 2010 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. म्हणून पहिल्याच भेटीत व्हिसाचा विषय काढावा. वकील तो उडवून लावत असेल, तर दुसरा पाहावा.

तोवर मुलाने पोलिसांशी किंवा मित्रांशी प्रकरणावर बोलू नये. व्हॉट्सअॅपवरही नाही! फीचा करार लेखी घ्यावा. ‘सुटलात तरच पैसे’ अशी बोली फौजदारी खटल्यात वकिलांच्या आचारनियमांना मंजूर नाही.