‘गोलपिठा’: वस्तीची भाषा आणि वाचकाचे अंतर

नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाच्या भाषेची चर्चा करताना ‘प्रमाण मराठीतील’ आणि ‘परभाषेतून आलेले’ अशी शब्दांची विभागणी बहुधा केली जाते. ती अपुरी आहे, असे प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

गोलपिठा हा मुंबईतील कामाठीपुरा-नागपाडा परिसरातला भाग. कामाठीपुऱ्याचे नाव तेलंगणातून मजुरीसाठी आलेल्या तेलुगुभाषक कामाठ्यांवरून पडले. नागपाडा-भायखळ्यात मुस्लिम मोहल्ले वसले, बगदादी ज्यूंचे प्रार्थनास्थळ उभे राहिले. गावाकडून आलेली दलित कुटुंबेही याच परिसरात स्थिरावली. पूर-कनेरसर येथे १९४९ साली जन्मलेले ढसाळ बालपणीच येथे आले. येथील बहुविधता रोजगाराच्या गरजेतून आणि जातिव्यवस्थेच्या रेट्यातून घडलेली आहे. कामावर, बाजारात, रस्त्यावर परस्परांशी व्यवहार करण्यासाठी जी मिश्र भाषा येथे रुळली, तीच कवीच्या घडणीची भाषा होय. तिच्यातील हिंदुस्थानी शब्द ‘उसने’ कसे म्हणावेत?

प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर यांनाही यांतील अनेक शब्दांचे अर्थ कवीकडूनच समजून घ्यावे लागले. ते मुंबईतच राहणारे, मराठीचे मातब्बर लेखक. ही बाब लक्षणीय आहे. यावरून असे म्हणता येईल की, येथील दुर्बोधता मुख्यतः वाचक आणि वस्ती यांच्यातील सामाजिक अंतराची निदर्शक आहे.

अध्यापनात केवळ शब्दार्थसूची देऊन थांबल्यास हे अंतर झाकले जाते. शब्द कोणी, कोणाशी, कोणत्या व्यवहारात उच्चारला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.