‘रद्द’ आणि ‘रिव्होकेशन’ : शब्द समजून घ्या, धंदा वाचवा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, सरकारी कागदावरचा एखादा शब्द चुकीचा समजला तर चालता धंदा बसतो. ‘रिव्होकेशन’ हा असाच शब्द आहे. दिलेली मान्यता किंवा काढलेला हुकूम परत घेणे, हा त्याचा साधा अर्थ. त्यामुळे हा शब्द दिसला की परवाना गेला, असे आपण समजतो. जीएसटी कायद्यात मात्र उलट आहे. तेथे परत घेतला जातो तो नोंदणी रद्द केल्याचा हुकूम. म्हणजेच नोंदणी पुन्हा जिवंत होते.

समजा, भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाने सलग सहा महिने मासिक विवरणपत्र भरले नाही. त्याच्यापुढे तीन शब्द येतात.

निलंबन : नोंदणी तात्पुरती थांबते. या काळात कर लावून बिल देता येत नाही. नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे.

रद्द : नोंदणी संपते. परंतु म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याला असा हुकूम काढता येत नाही. नोंदणी गेली तरी मागील कराची देणी मात्र माफ होत नाहीत.

रिव्होकेशन : रद्दचा हुकूम मागे घेण्यासाठी करावयाचा अर्ज. याचा नमुना आरईजी-२१. पूर्वी यास ३० दिवस मिळत; १ ऑक्टोबर २०२३ पासून हुकूम मिळाल्यापासून ९० दिवस मिळतात. सबळ कारण असल्यास वरिष्ठ अधिकारी आणखी जास्तीत जास्त १८० दिवस वाढवू शकतात. अर्जापूर्वी थकलेली विवरणपत्रे, कर, व्याज व विलंब शुल्क भरावे लागते.

ही सवलत अधिकाऱ्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली असेल तरच आहे. आपणच अर्ज करून ती बंद केली असल्यास हा मार्ग नाही.

अनेक बांधव नोंदणीच्या वेळी सल्लागाराचाच मोबाइल व ई-मेल देतात. नोटीस त्यावर जाते, आणि मालकाला कळते तेव्हा मुदत सरलेली असते. तेव्हा आजच आपली नोंदणी तपासा व स्वतःचा क्रमांक नोंदवा. हुकूम हाती आला तर घाबरून गप्प बसू नका. तारीख पाहा व दिवस मोजा. रोजीरोटीचा प्रश्न आहे.