थंडीत पोहण्याचा तलाव रिकामा करावा का?

प्रश्न : गंगापूर रोडवर आमच्या बंगल्यात छोटा तलाव आहे. डिसेंबर-जानेवारीत कुणी पाण्यात उतरत नाही. रिकामा करून ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी मुरलेले असते. तलाव रिकामा झाला की ते खालून दाब देते आणि तळाला तडे जाऊ शकतात. वर उन्हाने टाइल्सही सुटतात. निफाडला पारा ५ अंशांच्या आसपास आला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, तरी तलाव गोठत नाही. त्यामुळे थंड देशांतल्यासारखे पाइप रिकामे करण्याचीही गरज नाही.

पाने जाळीने काढा, भिंती घासा, फिल्टर बॅकवॉश करा. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राहू द्या. थंडीत क्लोरीन कमी लागते, म्हणून डोस चाचणी करूनच द्या. पंप मात्र रोज तीन-चार तास चालवाच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

झाकण घालणार असाल तर घट्ट ताणून बांधा. सैल ताडपत्री कृपया टाकू नका. लहान मूल त्यावर पाय ठेवते आणि तिच्यासकट पाण्यात जाते. तलावाभोवती कुलूप लागणारे कुंपण हवेच.