पिशवी काढण्याआधी

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागली नाही. "ताई, डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, सोमवारी दाखल व्हा." दाढ काढायची असावी इतक्या सहज सांगितलंस. वर म्हणालीस, "दोन मुलं झाली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही झालं, आता त्या पिशवीचा उपयोग तरी काय?" अगं, हे वाक्य तुझं नाही. नऊ वर्षांपूर्वी हेच मला ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. फोनवर तू "हो गं, बघते" म्हणून विषय बदलतेस, म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले आहे.

तुझा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल पकडायची, उभ्यानेच अंधेरी गाठायची आणि त्यात पाळीचा दुसरा दिवस. मी वसईहून वीस वर्षं तेच केलंय. काळी सलवार, एकावर एक दोन पॅड, पर्समध्ये जुनी ओढणी. नायगाव सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली की समोरच्या भाजीवाल्या मावशी सरकून जागा करायच्या, "बस गं पोरी" म्हणायच्या. मी मात्र बसायची नाही. उठल्यावर सीटवर डाग दिसला तर काय, ही एकच धास्ती. अशी धास्ती महिन्यातले आठ-आठ दिवस बाळगली की बाई थकते आणि थकलेल्या बाईला कुणी "काढून टाका, सुटाल" म्हटलं की ते खरंच सुटकेसारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझं वय तेव्हा त्रेचाळीस. वसईतल्याच एका नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी झाली, पाच मिनिटांत निर्णय झाला. "सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो." त्या तिसऱ्या शब्दानंतर मला काहीच ऐकू आलं नाही. सहीचा कागद पुढे आला. मी सही केली नाही ती धीटपणामुळे नव्हे. यांची वाट बघत होते, आणि यांची गाडी तासभर उशिरा आली, एवढंच. त्या तासात शेजारी बसलेल्या एका नर्सबाईंनी हळूच विचारलं, "रक्त तपासलंत का? थायरॉइड?" तपासलं नव्हतं. हिमोग्लोबिन सात निघालं, थायरॉइड बिघडलेलं निघालं आणि ती गाठ निघाली जेमतेम दोन सेंटिमीटरची.

म्हणून पहिलं विचारते, तुझं रक्त तपासलंय का? पाळी जास्त जाण्याची कारणं ढीगभर आहेत. फायब्रॉइडची गाठ असते, अस्तरातला मस असतो, पिशवीच्या भिंतीतच अस्तर शिरून ती जाड होते, थायरॉइड असतं, चाळिशीकडे झुकताना बीज वेळेवर न सुटणं असतं, कधी रक्त गोठण्यातलाच दोष असतो. यातली निम्मी कारणं सोनोग्राफीत दिसतच नाहीत. 'सूज आहे' हे निदान नव्हे. सूज कशाची, हे सांगणं म्हणजे निदान. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आजपासून खुणा करायला लाग. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडल्या का. मी तीन महिने लाल पेनाने हे लिहीत होते. ते कॅलेंडर गुंडाळी करून परळच्या रुग्णालयात घेऊन गेले तर तिथल्या डॉक्टरबाईंनी ते टेबलावर पसरून नीट वाचलं. माझं म्हणणं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकून घेतंय असं वाटलं.

आता तुला बीडचं सांगते. तू म्हणशील कुठे बीड, कुठे आपण. पण ऐक. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, हे २०१९ मध्ये उघड झालं. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहाजणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. तिकडे पाळीत एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा, खाड्याचा दंड, डोक्यावर मुकादमाची उचल. राहायला खोपटं, ना संडास ना पाणी. अंगावर पांढरं जायला लागलं की खासगी दवाखाना गाठायचा आणि तिथे तोच शब्द ऐकायचा, कॅन्सर. त्या बायका अडाणी होत्या म्हणून फसल्या असं मला कुणी म्हटलं की राग येतो. फडावर मुकादमाचा खाडा, आपल्याकडे लोकल आणि ऑफिसातली हजेरी. पाळीला जागाच नसलेलं काम तिथेही आहे, इथेही आहे. म्हणून पिशवी काढणं सोपं वाटतं.

त्या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने गरज नसलेल्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, ती सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा तो आदेश. चाळिशीच्या आतल्या बाईच्या पिशवीचा हिशेब द्यावा लागेल, यावर त्यात भर आहे. तू अडतीस वर्षांची आहेस. तेव्हा "का काढायची?" असं विचारलंस तर तो उद्धटपणा ठरत नाही. उत्तर मागायचा तुला हक्क आहे.

कॅन्सरच्या भीतीचं काय, हे तू विचारणारच. मी पण रात्रीच्या रात्री त्यावरच घालवल्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि तो होण्याआधी पकडता येतो. हे आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तपासणीत काही सापडलं तर बहुतेक वेळा तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेने काढतात, पिशवी जागेवर राहते. 'तोंडाला जखम आहे' असं तुला सांगितलंय ना, ती जखम म्हणजे कॅन्सर नव्हे. एचपीव्हीची तपासणी करून घे आणि मग बोल. आणि हो, आपली चिमी यंदा अकरावं संपवेल. पुण्याच्या सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस आलीय, नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. तिच्यासाठी डॉक्टरांना आठवणीने विचार.

पिशवीचा उपयोग काय, याचं उत्तर मला पुढे मिळालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. पिशवी काढलेल्या, पण बीजकोश जागेवर ठेवलेल्या २,०९४ बायकांची तुलना त्याच वयाच्या, पिशवी असलेल्या बायकांशी केली आणि साधारण बावीस वर्षं मागोवा घेतला. पस्तिशीच्या आत पिशवी गेलेल्यांमध्ये हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण साडेचार पटींहून जास्त, हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडण्याचं अडीच पट. तू पस्तिशी ओलांडलीस हे खरं, आणि दोष एकट्या शस्त्रक्रियेचाच असंही कुणी छातीठोक म्हणत नाही. पण 'आत असून नसून सारखीच' असं आता कुणी म्हणू नये. बीजकोशही काढले तर बाईला त्याच आठवड्यात पाळी जाण्याचं वय येतं. घाम, झोप नाही, हाडं ठिसूळ. म्हणून स्पष्ट विचार, "बीजकोश ठेवणार की काढणार?" हा प्रश्न ऑपरेशनच्या टेबलावर नाही, आधीच विचारायचा असतो.

मग मी काय केलं? थायरॉइडच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि हार्मोनचं छोटं यंत्र, ज्याला सगळे मिरेना म्हणतात. तांबीसारखंच बसवतात, पण त्यातून थोडं थोडं औषध पिशवीच्या अस्तरावर झिरपतं, अस्तर पातळ होतं, रक्तस्राव उतरतो. ब्रिटनमध्ये ५७१ बायकांवर याची नेहमीच्या गोळ्यांशी तुलना झाली होती, २०१३ मध्ये निकाल आला आणि दोन वर्षांनंतरही यंत्र बसवलेल्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलेलं दिसलं. पहिले चार महिने मला सतत थोडं थोडं अंगावर जात होतं. काढून टाकावं असंही वाटलं. डॉक्टरबाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकले. पाचव्या महिन्यात डागापुरती पाळी आली. त्या दिवशी मी गाडीत खिडकीशी बसले, खाडीवरचा वारा घेत.

प्रत्येकीला ते मानवेलच असं नाही. गाठी मोठ्या असल्या, अस्तराच्या नमुन्यात काही वाईट सापडलं, सगळे उपाय करूनही रक्त थांबेना, तर पिशवी काढणं हाच योग्य उपाय असतो आणि तेव्हा घाबरून मागे फिरू नकोस. फक्त कशी काढणार ते विचार. पोट न फाडता खालच्या मार्गाने काढता येत असेल तर बाई लवकर उठते. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी ही पद्धत जगभरच्या डॉक्टरांना शिकवली, तेव्हा ती आपल्याकडे नवखी नाही. बीजकोश ठेवून नळ्या तेवढ्या काढाव्यात का, हेही विचार. बीजकोशाचे पुष्कळसे कॅन्सर मुळात नळीच्या टोकाशी सुरू होतात असं आता दिसतंय, आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून डॉक्टर असंच करू लागले आहेत. काढलेला भाग तपासणीला पाठवून त्याचा रिपोर्ट हातात घ्यायचाच. आणि सहा आठवडे पाण्याची कळशी नाही, सिलिंडर नाही, स्टेशनचा पूल भरल्या पिशव्या घेऊन चढणं नाही. तुझ्या सासूबाईंशी हवं तर मी बोलते.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. आईची. शेवटच्या आजारपणात मी तिला आंघोळ घालत होते, तेव्हा दिसलं की तिचं अंग बाहेर येत होतं. किती वर्षं, विचारलं तर म्हणाली, "तू कॉलेजात होतीस तेव्हापासून." अठरा वर्षं! आगाशीच्या वाडीत राजेळी केळ्यांचे घड उचलताना, बावखलातून पाणी ओढताना, जुन्या लुगड्याच्या घडीने आधार देऊन ती वावरली आणि आपण दोघी मुली एका घरात असून आपल्याला पत्ता नाही. साधी रिंग बसवली असती तरी तिला बसता-उठता आलं असतं. पिशवी न काढता ती वर बांधून घ्यायची शस्त्रक्रिया तर मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकरांनी तिच्या तरुणपणीच करून दाखवली होती. शिरोड्याचा हा माणूस, गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपली आई त्यांच्या मुंबईपासून लोकलच्या दीड तासावर होती. पण तिने कुणाला सांगितलंच नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम आठ. मी तो आकडा वाचला तेव्हा मला आईचं ते लुगडं आठवलं. अंगावर काढणं आपण तिच्याकडूनच शिकलो, तू आणि मी दोघीही. तू दीड वर्ष त्रास लपवलास आणि आता एकदम सोमवारी टेबलावर चढायला निघालीस. मधला रस्ता आपल्याला कुणी दाखवलाच नाही गं.

तर असं कर. सोमवारचं दाखल होणं पुढे ढकल. रक्त वाहून चक्कर येत असेल, तासातासाला पॅड भिजत असेल, तर मात्र थांबू नकोस, लगेच दवाखाना गाठ, मला रात्री दोनलाही उठव. तसं नसेल तर वसईच्या महापालिकेच्या पेटिट रुग्णालयात किंवा तुझ्या जवळच्या तुळींज रुग्णालयात रक्त तपासून घे. मंगळवारी आपण दोघी परळच्या वाडिया रुग्णालयात जाऊ, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. ते 'काढा' म्हणाले तर काढू, मी तुझ्या उशाशी बसेन. सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट आणि जुने सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शनिवारी इकडे ये. सहीचा कागद दिला असेल तर तोही आण, पण कोरा.